देवावर खापर फोडण्याआधी भरायचा फॉर्म

मी अडतीस वर्षं एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काढली. १९८० ते २०१८. ऑफिस फोर्टात, घर करी रोडला. लोकांचं जळलेलं, बुडालेलं, चोरीला गेलेलं सगळं माझ्या टेबलावर कागद होऊन यायचं. फॉर्मात एक रकाना असतो, ‘नुकसानीचे कारण’. तिथं लोक काय काय लिहायचे! ‘देवाची करणी’, ‘आमचे नशीब’, ‘साडेसाती’. मस्जिद बंदरच्या एका मसालेवाल्यानं तर लाल शाईनं ‘ईश्वरेच्छा’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी तो फॉर्म परत केला तेव्हा तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, बाई, तुम्ही देव मानत नाही का?

मानते की. घरी देव्हारा आहे, रोज संध्याकाळी दिवा लागतो. म्हणून देव आहे की नाही यावर इथं काही मिळणार नाही. आपल्यावर काही कोसळलं की आपण पहिलं बोट वर का दाखवतो आणि ते दाखवण्याआधी काय तपासून घ्यावं, एवढंच मी सांगणार आहे. पद्धत माझी नाही, धंद्याची आहे. मी फक्त ती घरी आणली.

आधी एक कोरा कागद घ्या आणि काय झालं तेवढंच लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, शेवटचं कुणी काय केलं. ‘माझ्याच वाट्याला का’ हे अजिबात लिहायचं नाही, ते पुढं येईल. हे वाटतं त्याहून कठीण आहे. माणूस पहिल्या ओळीतच घसरतो. मी विचारायचे, आग किती वाजता दिसली? उत्तर यायचं, “बाई, आम्ही आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही हो.” मी पुन्हा विचारायचे, किती वाजता? तिसऱ्या-चौथ्या वेळी माणूस घड्याळावर यायचा, आणि वेळ आठवायला लागला की बरोबर इतरही आठवायला लागायचं.

लालबागच्या एका साडीवाल्याचं उदाहरण देते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकान जळलं. त्याची पक्की खात्री होती की मुहूर्त पंधरा मिनिटांनी हुकला म्हणून लक्ष्मी कोपली. समई पेटलेली होती, त्यामुळे शेजाऱ्यांनाही ते पटलेलं. सर्व्हेअर गेला, त्यानं काळं पडलेलं लाकूड बघितलं. समई एका कोपऱ्यात, तिच्या खालचा पाट जवळजवळ शाबूत. आग सुरू झाली होती समोरच्या भिंतीवरच्या बोर्डापासून. एका प्लगमध्ये लाइटच्या तीन माळा खुपसलेल्या. आमच्या भाषेत याला ‘प्रॉक्सिमेट कॉज’ म्हणतात, म्हणजे ज्या कारणानं खरोखर नुकसान घडवलं ते. ते वेळेनं सगळ्यात शेवटचं असेलच असं नाही आणि सगळ्यात मोठं तर बहुतेक वेळा नसतंच. त्याला साड्यांचे पैसे मिळाले, बोर्डाचे मिळाले नाहीत, कारण शॉर्ट सर्किटनं जी वस्तू स्वतःच जळते ती आगीच्या पॉलिसीत बसत नाही. पण मला त्यातलं खरं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. लक्ष्मीच कोपली असं धरून तो चालला असता, तर शांत घातली असती, भटजींना दक्षिणा दिली असती आणि पुढच्या दिवाळीला त्याच बोर्डात चार माळा लावल्या असत्या.

घटना लिहून झाली की तिला तीन प्रश्न विचारायचे. हे मी कायद्यातूनच उचललेत. कायद्यात ‘ॲक्ट ऑफ गॉड’ नावाची सोय आहे. रेल्वेच्या कायद्यातसुद्धा मालाच्या नुकसानीची जबाबदारी झटकायला जी कारणं दिलीत, त्यांत ती आहे. गंमत अशी की श्रद्धाळू माणूस देवाला जितक्या पटकन धरतो, तितक्या पटकन न्यायालय धरत नाही. तिथं आधी बघतात की यात माणसाचा हात होता का? हे होईल असं आधी समजण्यासारखं होतं का? आणि माणसानं बेताची काळजी घेतली असती तर टळलं असतं का? तिन्हीला ‘नाही’ आलं, तरच देव.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढचे कित्येक महिने आम्ही कुर्ला, कलिना, साकीनाक्याचेच फॉर्म बघत होतो. ओल्या कागदांचा वास फायलींना असा बसला होता की डबा खाववत नसे. प्रत्येक दुसरा माणूस म्हणायचा, वरच्यानं सूड घेतला. आता हे तीन प्रश्न लावून बघा. ढग माणसानं आणले नव्हते, कबूल. ९४४ चा आकडा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, हेही कबूल. पण त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला होता. सूड उगवणाऱ्याला सांताक्रूझची माणसं जास्त पापी वाटली आणि कुलाब्याची कमी, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं एकदा दोन्हीकडे राहून बघावं. शिवाय मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. ही क्षमता दुप्पट करा असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ चा, म्हणजे पुराच्या बारा वर्षं आधीचा. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीनं चौकशी केली तेव्हा मिठी नदीचं पात्र कसं आवळलं गेलं होतं तेही कागदावर आलं. पाऊस देवाच्या खात्यावर टाका हवा तर. पाणी तुंबलं ते कुणाच्या खात्यावर, ते वेगळं लिहा.

आणि त्याच पुरातली एक गोष्ट जी आजही पावसाळ्यात मी प्रत्येकाला सांगते. गाडी पाण्यात बुडाली तर चावी फिरवू नका. पाणी इंजिनात गेलेलं असतं आणि सुरू करायला गेलं की आतला रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान पुराचं धरत नाहीत, तुमचं धरतात. कितीतरी लोकांनी तेव्हा पाणी ओसरल्या ओसरल्या गणपतीचं नाव घेऊन चावी फिरवली. मग माझ्यासमोर बसून त्याच गणपतीला बोल लावले.

आता अवघड भाग. कागदावर लिहा की देवाचं नाव घेतल्यामुळे कुणाचं नाव घ्यायचं राहून जातंय?

हे मला माझ्या आईनं शिकवलं, तिच्या नकळत. माझे वडील कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. घर माझ्या पगारावर आलं. आमच्या चाळीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ होतं. आई दर शनिवारी तेल आणि रुईची माळ घेऊन जायची. संपाच्या सातव्या-आठव्या महिन्यात ते बंद झालं. नळावरून येताना ती देवळाकडे पाठ करून चालायची. हंडा डोक्यावर असताना तसं तिरकं चालून दाखवा कुणी! बायकांनी विचारलं तर म्हणायची, “त्याला आमचा संसार बघवला नाही.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची, नवी नवी शहाणी. तिला म्हटलं, आई, मारुतीनं गिरणी बंद केली का? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. नंतर कळत गेलं की तिच्याकडे दुसरं नाव नव्हतं. मालक तिनं कधी पाहिला नव्हता. डॉक्टरसाहेब, म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांच्यावर तर सगळ्या चाळीची श्रद्धा, त्यांच्याविरुद्ध बोलणारी बाई नळावर उभी राहू शकली नसती. सरकार म्हणजे कोण हे तिला दिसत नव्हतं. उरला नवरा, जो गॅलरीत बसून पत्ते पिसत होता आणि रात्री न बोलता अर्धी भाकरी खाऊन उठत होता. त्याला बोलली असती तर तो मोडला असता. मारुती मोडणार नव्हता. पाच नावांतलं तेवढं एकच नाव असं होतं की ज्याला काहीही बोललं तरी संध्याकाळी घरात भांडण होणार नाही.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, यावर प्रयोग झालाय. २०१० साली अमेरिकेत कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या दोघांनी लोकांना एक गोष्ट सांगितली. एक कुटुंब दरीत सहलीला जातं आणि अचानक पाणी वाढतं. काहींना सांगितलं की धरणावरच्या माणसानं मुद्दाम पाणी सोडलं, काहींना पाणी का वाढलं ते सांगितलंच नाही. काहींच्या गोष्टीत नुसतं जेवण वाया गेलं, काहींच्या गोष्टीत सगळं कुटुंब बुडालं. मग विचारलं, यात देवाचा हात किती? माणसं मेली आणि दोषी माणूस दिसत नव्हता, तिथं देवाचं नाव सगळ्यात जास्त आलं. धरणावरचा माणूस दिसला की कमी. मी म्हटलं, हे अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती, करी रोडच्या नळावर आली असतीस तरी चाललं असतं.

माझ्या मते दोषी न दिसण्याचे दोन प्रकार असतात. एकात तो खरंच नसतो. दुसऱ्यात असतो, पण फार मोठा असतो किंवा फार जवळचा. आईचं दुसऱ्यातलं होतं. माझंही.

२००९ साली गणपती बसायच्या दोन दिवस आधी माझे मिस्टर स्टेशनच्या पुलावर कोसळले. वय चोपन्न. मंडळाचे जुने कार्यकर्ते, तीस वर्षं आगमनाच्या ट्रॉलीला हात लावलेला माणूस. त्या वर्षी घरात सुतक, मखर अर्धवट कापलेलं थर्माकोल घेऊन भिंतीला टेकलेलं, आणि खालून ढोल. मी देव्हाऱ्यावर जुना टॉवेल टाकला. तीस वर्षं ज्याची सेवा केली त्यानं दोन दिवस थांबायचं नव्हतं? हे मी महिनाभर येईल-जाईल त्याला ऐकवलं.

मग त्यांच्या पॉलिसीचा फॉर्म भरायला बसले. दुसऱ्यांचे हजारो भरलेले, स्वतःचा पहिलाच. ‘मयतास आजार केव्हापासून होता?’ असा प्रश्न होता. मी ‘आजार नव्हता’ लिहिलं. पॉलिसीचा मूळ कागद सापडेना म्हणून मोतीचूरच्या लाडवांचा जुना डबा उघडला. ते विजेची बिलं त्यात ठेवायचे. बिलांच्या खाली रक्ताचा रिपोर्ट होता, चौदा महिने जुना. उपाशीपोटीची साखर २८६. घडी घालून, घडीवर पुन्हा घडी. मला दाखवला नव्हता.

मी फॉर्मवरचं ‘नव्हता’ खोडलं, खोडलं तिथं सही केली आणि तारीख घातली. पॉलिसी १९९० ची, म्हणजे त्या रिपोर्टच्या कितीतरी आधीची होती, त्यामुळे पैशाला काही धोका नव्हता. ते लिहिलं आणि त्यानंतरचे दोन महिने मी गणपतीला काही बोलले नाही, फोटोतल्या माणसाला बोलले. अंगाची लाही व्हायची. मेलेल्या नवऱ्यावर चिडणं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. आणि त्यांना बोलून झाल्यावर एक नाव आणखी उरलं. रात्री तीनदा उठून पाणी पिणारा माणूस मी वर्षभर शेजारी झोपून पाहिला होता. दिवसभर लोकांची कारणं शोधणारी बाई! तो रकानाही भरला मी. सोपं नव्हतं, सोपं होईल असं सांगणारही नाही. टॉवेल काढला तो पुढच्या गुढीपाडव्याला.

तर हा रकाना भरताना दार लावून घ्या, आणि कागद कुणाला दाखवायची सक्ती नाही.

एक इशारा मात्र इथंच देते. देवाचं नाव काढून टाकलं की ती जागा रिकामी राहत नाही, आणि बहुतेक घरांत तिथं पहिली बसते ती सून. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मी या मुंबईत, लिफ्ट असलेल्या इमारतीत ऐकलाय. नाहीतर शेजारीण, तिची नजर. नाहीतर कुणी भगत सांगतो की करणी केलीय, आणि नावही सुचवतो. असं सुचवणाऱ्यांविरुद्ध २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. कागदावर जे नाव लिहाल त्याच्यापुढे त्या माणसानं नेमकं काय केलं हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. ‘ती आल्यापासून’ ही ओळ धरत नाहीत. तेवढ्यावर येऊन ठेपलात तर त्यापेक्षा देवालाच दोष द्या, तो निदान माहेरी जात नाही.

आता मुदत. देवाकडच्या तक्रारीला मुदत नसते, बाकी सगळ्यांना असते. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचा चालत्या लोकलमधून पडून जीव गेला. पास खिशात होता. आई सहा महिने एकच वाक्य म्हणत होती, त्याचं तेवढंच आयुष्य लिहिलेलं. मी तिला ते म्हणू दिलं आणि बाजूला बसून कागद गोळा केले. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे तिकीट किंवा पास असलेला प्रवासी गाडीतून पडला, तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई मिळते. मृत्यूसाठी २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात त्यात येत नाही. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, घटनेपासून एका वर्षाच्या आत. पास, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, स्टेशनमास्तरकडची नोंद. लिहिलेलं आयुष्य तेवढंच असेल, पण कायद्यानं लिहिलेलं तिला का सोडायचं?

हे सगळं करूनही कधीकधी कागद कोरा राहतो. तीन दिवसांचं मूल जातं. चांगला धावणारा माणूस चाळिशीत कॅन्सरनं जातो, ना तंबाखू, ना दारू, ना उशीर. तिथं शोधत बसू नका. तिथं देवालाच बोला, आणि नीट बोला. आपल्याकडे त्याची जुनी रीत आहे. जनाबाईनं अंगणात उभं राहून विठोबाला शिव्या घातल्यात, आणि तुकोबा ‘माझे लेखी देव मेला’ म्हणून मोकळे झाले. दोघांनाही पंढरपुरानं बाहेर काढलं नाही. मोठ्यानं बोला, स्वतःच्या घरात बोला, आणि बोलताना नवस करू नका. एकतर भांडण करावं नाहीतर सौदा.

‘उद्या या कोऱ्या कागदावरही काही सापडेल’ असं मात्र वाटून घ्यायला हरकत नाही. आम्ही लहान असताना अंगावर फोड येणाऱ्या त्या रोगाचं नावच ‘देवी’ होतं. आजी माहीमच्या शीतलादेवीला जायची, घरात रोग आला की फोडणी बंद. शाळेत होते तेव्हा भिंतीवर रंगवलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. माझ्या दंडावर लशीचा वण आहे. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. शीतलादेवीचं देऊळ तिथंच आहे, आजी असती तर अजूनही गेली असती.

ज्याच्यावर कोसळलंय त्याच्या शेजारी तुम्ही बसला असाल, तर हा फॉर्म पहिल्या दिवशी काढू नका. तेराव्याच्या आधी तर नाहीच. तो देवाला शिव्या देत असेल तर देवाची वकिली करू नका. ‘त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल’ हे वाक्य मिस्टर गेल्यावर मला निदान चाळीस जणांनी ऐकवलं. आणि आपण तरी काय करतो? नाक्यावर फ्लेक्स लावतो, ‘जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला’. म्हणजे चारचौघांत देवानं नेलं असं छापायचं आणि घरात विधवेनं तेच म्हटलं की तिला गप्प करायचं. त्यापेक्षा चहा करा. गॅसचा नंबर लावा. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्या, पुढं प्रत्येक खिडकीवर एक मागतात.

मी शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात बसते, लोक फॉर्म घेऊन येतात. मागच्या महिन्यात त्या मुलाची आई आली, भरपाईचं पत्र दाखवायला. म्हणाली, “पैसे आले. पण मी अजून त्याच्याशी बोलत नाही हं.” त्याच्याशी म्हणजे कुणाशी ते मी विचारलं नाही. पत्राच्या दोन झेरॉक्स काढून आण म्हटलं, एक बँकेला लागेल.